रग्बी अंधेरीत आली, आमची पोरं कुठे आहेत?

२०२५ सालच्या जून महिन्यात अंधेरी पश्चिमेच्या वीरा देसाई रोडवरील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग नावाची स्पर्धा झाली. स्पर्धेचा तो पहिलाच हंगाम होता. चेन्नई बुल्स, दिल्ली रेड्झ, हैदराबाद हिरोज, बेंगळुरू ब्रेव्हहार्ट्स, कलिंगा ब्लॅक टायगर्स आणि आपल्या शहराचे नाव लावणारा मुंबई ड्रीमर्स असे सहा संघ उतरले. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फिजी, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका, आयर्लंड अशा देशांतले नामांकित खेळाडू पावसाळ्याच्या चिखलात अंधेरीला येऊन खेळले. त्यांच्या खांद्याला खांदा लावून ओडिशा, बंगाल, हरियाणा, महाराष्ट्रातली आपली पोरेही खेळली. २९ जूनच्या अंतिम सामन्यात चेन्नईने दिल्लीला ४१-० असे लोळवले. क्रिकेटने पाने भरणाऱ्या वर्तमानपत्रांनी ती बातमी कोपऱ्यात दिली. आमच्या चळवळीत तर तिचा साधा उल्लेखही कुणी केल्याचे आमच्या कानावर आले नाही.

रग्बीचा आणि आंबेडकरी चळवळीचा संबंध काय, असे वाचक विचारतील. तो प्रश्न आम्हालाही विचारला गेला आणि विचारणारा माणूस परका नव्हता. म्हणूनच हा लेख लिहावा लागतो आहे.

झाले असे. आमच्या घाटकोपरच्या वस्तीतली पाच मुले आम्ही त्या स्पर्धेला घेऊन गेलो. चार मुलगे, एक मुलगी. सगळी आठवी ते अकरावीतली. घाटकोपरहून मेट्रो पकडली की अंधेरीच्या पुढचे स्टेशन आझाद नगर, तिथे उतरून चालत मैदान. मेट्रो २०१४ साली सुरू झाली, पण या पाचांपैकी दोघे त्या दिवशी पहिल्यांदा अंधेरीच्या पलीकडे गेले. मुंबईत जन्मलेली, वाढलेली मुले! घर, शाळा, क्लास आणि चैत्यभूमी एवढीच त्यांची मुंबई. मैदानावर पोहोचल्यावर दिव्यांचा तो झगमगाट आणि कर्णे पाहून पोरे आधी गप्पच झाली. मग पहिला सामना सुरू झाला आणि दोन मिनिटांत दहावीतला एक जण ओरडला, "वकीलकाका, ही तर कबड्डीच आहे!"

पोराने अचूक ओळखले. या स्पर्धेत रग्बीचा सात-सात खेळाडूंचा प्रकार खेळला गेला. चार-चार मिनिटांचे चार डाव, म्हणजे एक सामना जेमतेम सोळा मिनिटांचा. चेंडू लंबगोल. तो हातात घेऊन पळायचे, पण हाताने पुढे फेकायचा नाही, फेकायचा तर बाजूला किंवा मागे. समोरच्याने कंबरेला मिठी मारून पाडायचे. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. नंतर खांबांमधून लाथेने उडवला की आणखी दोन. पकड, झटका, निसटणे, श्वासाचा हिशेब हे सारे आमच्या पोरांना गल्लीत, चाळीत, मातीत शिकवणीशिवाय येते. फरक एवढाच की कबड्डीत एकटा जातो आणि सात जण धरतात. इथे सातही पळतात आणि ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्या मागे उरलेल्यांना राहावेच लागते. चेंडू मागेच द्यायचा असल्याने जो पुढे निघून गेला तो निरुपयोगी ठरतो. आमच्या गटातटांच्या राजकारणाला हा नियम लागू करता आला असता तर बरे झाले असते, असे मनात आले. पण तो विषय वेगळा.

दुसऱ्या दिवशी विहारात एक ज्येष्ठ कार्यकर्ते भेटले. साठी ओलांडलेले, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले, आमच्यासारख्यांना बोट धरून चळवळीत आणणारे. त्यांनी सरळच सुनावले. "वकीलसाहेब, पोरांना अभ्यासाला बसवायचं सोडून गोऱ्यांचा खेळ दाखवायला नेता? बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत बसले म्हणून आपण माणसात आलो. खेळून कुणाचं भलं झालंय आपल्यात?" आम्ही त्यांच्यापुढे उलट बोललो नाही. त्यांचा राग आम्हाला कळतो. ज्या समाजाला पुस्तकापासून हजारो वर्षे दूर ठेवले, त्या समाजातल्या माणसाला पुस्तकापासून पाऊलभर दूर जाणारे पोरही गमावल्यासारखे वाटते. पण दादांच्या बोलण्यात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, हा खेळ गोऱ्यांचा. दोन, खेळून आपले भले होत नाही. दोन्ही तपासून पाहण्यासारख्या आहेत, कारण आपल्यातल्या हजारो आईबापांचे मतही हेच आहे.

आधी गोऱ्यांचे पाहू. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली या सहा देशांची सिक्स नेशन्स नावाची स्पर्धा दरवर्षी होते. रग्बीतली ती जुनी आणि मानाची स्पर्धा. तिच्यात इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातला सामना जो जिंकतो त्याला एक चषक मिळतो. त्या चषकाचे नाव कलकत्ता कप! १८७० च्या दशकात कलकत्त्यात इंग्रजांचा एक रग्बी क्लब होता. आधी सदस्यांची रीघ लागली, कारण दारू फुकट होती. दारूचा फुकट पुरवठा बंद झाला तसे सदस्य पांगले आणि पलटणही हलली. क्लब मोडताना बँकेत शिल्लक राहिलेले चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले आणि हिंदी कारागिरांकडून त्याचा चषक घडवून विलायतेला पाठवला. त्याच्या तीन मुठी म्हणजे तीन नाग आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून तो खेळला जातो. २०२५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडने तो १६-१५ अशा एका गुणाने जिंकला. १९८८ साली दोन्ही संघांतल्या दोन खेळाडूंनी नशेत तो एडिंबरोच्या रस्त्यावर नेऊन चेपवलाही होता.

ती चांदी कुणाची होती? त्या काळातला रुपया शेतसाऱ्यातून, मिठाच्या करातून, अफूच्या व्यापारातून फिरून साहेबाच्या खिशात जात होता. ती चांदी घडवणारे हात कोणत्या जातीचे होते हे कुणी लिहून ठेवलेले नाही. साहेबांची नावे मात्र चषकाच्या पायथ्यावर कोरलेली आहेत. तेव्हा गोऱ्यांचा खेळ म्हणून हात झटकताना त्यांच्या सर्वांत जुन्या चषकात आपल्याच देशाचे २७० रुपये वितळलेले आहेत, हे लक्षात ठेवावे. आणि झाकणावरचा तो हत्ती पाहून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक चिन्हाची आठवण आम्हाला झाली नाही, असे आम्ही म्हणणार नाही.

मुंबईचा इतिहास याहून जवळचा. आझाद मैदानाच्या कडेला १८७५ साली बॉम्बे जिमखाना उभा राहिला. इंग्रजी अमदानीत तो युरोपियनांचा. मुंबईतली रग्बी तिथेच रुजली आणि कित्येक वर्षे तिथेच कोंडून राहिली. भारतातली पहिली क्रिकेट कसोटीही १९३३ च्या डिसेंबरात त्याच मैदानावर झाली. त्या कुंपणाबाहेरचा एक माणूस या वाचकांना ठाऊक असायला हवा. पळवणकर बाळू. चांभार समाजात जन्मलेला, पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची झाडलोट करणारा आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करणारा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघातून त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानावर त्याच्या हातून चेंडू घेणारे सवर्ण खेळाडू चहापानाला मात्र त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा देत. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधीही दिले नाही. त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली ते मिळाले, तेही भावांनी आधी संघावर बहिष्कार टाकून अपमान चव्हाट्यावर आणल्यानंतर.

याच बाळूंना काँग्रेसने १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब निवडून आले, बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. आपल्या इतिहासात बाळूंची नोंद बहुधा एवढ्या एका ओळीपुरतीच होते आणि ती ओळ कडवट असते. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. राजकारणात ते चुकीच्या बाजूला उभे राहिले हे खरे. पण बाबासाहेब बॅरिस्टर होण्यापूर्वी, अस्पृश्याच्या मुलाला सवर्णांच्या बरोबरीने काही येते हे हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करणारा माणूस हा बाळू होता. त्याचे पुस्तक नव्हते, चेंडू होता. दादांना हे सांगायचे राहून गेले.

त्याच जिमखान्यासमोर फॅशन स्ट्रीट आहे. १९९९ साली तिथल्या फुटपाथवरच्या पोरांना मॅथ्यू स्पेसी नावाचा जिमखान्याकडून रग्बी खेळणारा इंग्रज शिकवू लागला. सरावाला कुंपणावर डोके टेकवून बघत राहणाऱ्या पोरांना त्याने आत घेतले. त्यातून मॅजिक बस ही संस्था उभी राहिली आणि ती पुढे देशभर पसरली. चांगली गोष्ट आहे. तरीही ती ऐकताना एक विचार मनात येतो. कुंपण उघडायला इंग्रजच का लागला? स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षे झाली होती. फुटपाथवरची ती पोरे रोज दिसत होती. महापालिकेला, सरकारला, आम्हाला.

ओडिशात भुवनेश्वरच्या कलिंगा संस्थेत शिकणारी आदिवासी मुले २००७ साली लंडनला गेली आणि चौदा वर्षांखालील शाळांची आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा जिंकून परतली. घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असलेली पोरे. आज ओडिशा रग्बीत देशात वरच्या फळीत आहे, त्याची मुळे तिथे आहेत. अंधेरीत कलिंगाच्या नावाचा संघ उतरला तेव्हा आमच्यासोबतच्या मुलांना आम्ही ही हकीकत सांगितली. मुलीने लगेच विचारले, "मग आपल्या मुंबईतून कोण गेलं?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

आता दक्षिण आफ्रिका. ज्यांना वाटते की खेळ म्हणजे करमणूक, त्यांनी हा देश अभ्यासावा. वर्णभेदाच्या काळात रग्बी हा तिथल्या गोऱ्या सत्तेचा देव्हारा होता. न्यूझीलंडचा संघ तिथे दौऱ्यावर जाई तेव्हा १९२८, १९४९ आणि १९६० साली आपल्या माओरी खेळाडूंना घरी ठेवून गेला. यजमानांना चालत नाहीत म्हणून आपलीच माणसे मागे ठेवायची! १९७० साली माओरींना नेले, पण कसे? दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यांना ‘मानद गोरे’ ठरवले तेव्हा. वाचकहो, हा शब्द आपल्याला नवा वाटायला नको. शिकून-सवरून सोसायटीत राहायला गेलेल्या आमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे, "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो." तीच ती मानद गोरेपणाची सनद. १९८१ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला गेला तेव्हा मात्र तिथल्या माणसांनी, गोऱ्यांनीही, हॅमिल्टनच्या मैदानात घुसून सामना रद्द करायला लावला. पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. हजारो मैल दूरच्या काळ्या माणसासाठी.

१९९५ साली मंडेला राष्ट्राध्यक्ष असताना दक्षिण आफ्रिकेने विश्वचषक जिंकला. सहा क्रमांकाचा सदरा घालून ते मैदानात आले, ते छायाचित्र सगळ्यांनी पाहिले आहे. पण त्या अंतिम सामन्याला उतरलेल्या पंधरा जणांत गोरा नसलेला एकच होता, चेस्टर विल्यम्स. चित्र मोठे, वाटा छोटा. पुढे तिथे ठरवावे लागले की २०१९ पर्यंत राष्ट्रीय संघात निम्मे खेळाडू कृष्णवर्णीय असावेत. झाला ना गदारोळ! गुणवत्ता बुडेल, संघ हरेल, लायक गोऱ्या पोरांवर अन्याय होईल. शब्दाला शब्द तोच, जो मंडल आयोगापासून आम्ही इथे ऐकत आलो. २०१८ साली सिया कोलिसी हा त्या देशाच्या कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे या काळ्यांच्या वस्तीत १६ जून १९९१ रोजी जन्मलेला. दुसऱ्याच दिवशी तिथल्या माणसांची वर्णावरून नोंदणी करणारा कायदा रद्द झाला. उपाशीपोटी झोपणारे हे पोर बारा वर्षांचे असताना शिष्यवृत्तीवर चांगल्या शाळेत गेले, तेही रग्बीच्या जोरावर. २०१९ चा विश्वचषक त्याच्या संघाने इंग्लंडला ३२-१२ असे हरवून जिंकला. त्या सामन्यातले दोन्ही ट्राय मापिंपी आणि कोल्बे या दोघांचे, दोघेही गोरे नसलेले. २०२३ चा विश्वचषकही त्यांनीच जिंकला.

आणि २०२५ चा हंगाम पाहा. दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अर्जेंटिना यांची रग्बी चॅम्पियनशिप नावाची स्पर्धा आहे. १९९६ साली ती तीन देशांत सुरू झाली, २०१२ साली अर्जेंटिना आली. या हंगामात कोलिसीच्या संघाची सुरुवात लाजिरवाणी झाली. जोहान्सबर्गच्या घरच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध २२-० अशी आघाडी घेऊन तो ३८-२२ असा हरला. मग न्यूझीलंडनेही एक सामना घेतला. टीकाकार पुन्हा जागे झाले. पुढच्याच आठवड्यात वेलिंग्टनला त्याच न्यूझीलंडला ४३-१० असे हरवले. न्यूझीलंडच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा पराभव. नंतर डरबनला अर्जेंटिनावर ६७ गुण चढवले आणि ४ ऑक्टोबरला लंडनमध्ये अर्जेंटिनालाच २९-२७ असे निसटते हरवून लागोपाठ दुसऱ्या वर्षी स्पर्धा जिंकली. आधी कधी त्यांनी ती सलग दोनदा जिंकली नव्हती. गुणवत्ता बुडाली म्हणे!

दादांचा पहिला मुद्दा इथे संपतो. दुसरा अधिक गंभीर आहे, कारण तो पोटाचा आहे. खेळून भले होते का? इथे आम्हाला वकिलाचा कोट घालावा लागतो.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. हे समांतर आरक्षण. म्हणजे अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, खुला अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आत खेळाडूंचा वाटा वेगळा काढलेला असतो. आमच्या अनुभवात अनुसूचित जातीच्या वाट्यातल्या खेळाडूंच्या जागा अनेकदा ‘उमेदवार उपलब्ध नाही’ या शेऱ्याने रिकाम्या राहतात आणि मग त्या खेळाडू नसलेल्यांकडे वळतात. शिवाय सौरव यादव विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की खुल्या वर्गातल्या समांतर जागा म्हणजे सवर्णांची राखीव कुरणे नव्हेत. मागासवर्गीय उमेदवार गुणांवर बसत असेल तर त्या जागेवर त्याचाही हक्क आहे. तो खटला महिलांच्या समांतर आरक्षणाचा होता, पण तत्त्व खेळाडूंनाही तेच लागू. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात ते निराळेच.

पण हे सगळे कशावर अवलंबून? एका कागदावर. अधिकृत संघटनेच्या, ठरलेल्या पातळीच्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर आणि क्रीडा खात्याने केलेल्या त्याच्या पडताळणीवर. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा आला होता. पोलीस भरतीत निवडीच्या उंबरठ्यावर. पिशवीत अठरा प्रमाणपत्रे, बावीस चषक. कबड्डीचा उत्कृष्ट चढाईपटू. आम्ही एकेक कागद पाहिला. सगळी स्थानिक मंडळांच्या स्पर्धांची, बहुतेक १४ एप्रिलच्या जयंतीनिमित्तची. बाबासाहेबांचे चित्र सोनेरी रंगात, खाली अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार यांच्या सह्या. कायद्याच्या दृष्टीने त्या सगळ्यांची किंमत शून्य. जिल्ह्याच्या एका अधिकृत निवड चाचणीला तो गेला असता तर राज्य स्पर्धेपर्यंत सहज पोहोचला असता. ती चाचणी आहे हेच त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याला ते समजावून सांगताना आम्हाला जी लाज वाटली ती न्यायालयात खटला हरतानाही कधी वाटलेली नाही.

समाजबांधवांनो, थोडे कडू बोलतो. जयंतीच्या नावाने आपण दरवर्षी मुंबईच्या उपनगरांत किती स्पर्धा भरवतो? मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत एप्रिलच्या रात्री रस्ता अडवून, दिवे लावून, डीजे वाजवून टेनिस चेंडूचे क्रिकेट चालते. बक्षीस रोख, चषक माणसाच्या उंचीचा. पहाटे चारला समारोप आणि पोरे दुसऱ्या दिवशी शाळेत नाहीत. त्या पैशातून दहा पोरांचे बूट, सहा महिन्यांची दूध-अंडी आणि एका प्रशिक्षकाचे मानधन निघते. आनंद करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या चषकाचा पोराला उद्या नोकरीत उपयोग नाही तो चषक कुणासाठी? व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्यांसाठी, हे आम्हीही अनेकदा उभे राहिलो आहोत म्हणून सांगतो.

दादांच्या भीतीत तथ्यही आहे आणि ते दडवणे अप्रामाणिकपणा होईल. रग्बी हा धोक्याचा खेळ आहे. २००३ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन हा खेळाडू आज तो सामना जिंकल्याचे आठवू शकत नाही. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी चाळिशीतच त्याला स्मृतिभ्रंश झाला आणि त्याने इतर खेळाडूंसह जागतिक संघटनेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. तिथे न्यायालय आहे, विमा आहे, डॉक्टर मैदानात उभा असतो. आमच्या पोराचा खांदा निखळला तर? बाप रोजंदारीवर, आई चार घरची कामे करणारी. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत त्यांचे दोन दिवस जाणार, म्हणजे दोन दिवसांची चूल. म्हणून आमचे म्हणणे असे की आधी लहान मुलांना पाडापाडी नसलेला, फक्त स्पर्शाचा प्रकार शिकवावा, तो याच खेळात आहे. आणि विमा उतरवल्याशिवाय कुणाचेही पोर अंगावर पडण्याच्या खेळात उतरवू नये, मग ते मंडळ असो, शाळा असो वा संघटना.

जागेचा प्रश्न तर सर्वांत कठीण. अंधेरीचे संकुल आणि मुलुंडचे संकुल ही महापालिकेने लोकांच्या पैशातून उभारलेली, बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठानकडून चालवली जाणारी ठिकाणे. कायद्याच्या भाषेत ती सार्वजनिक. तिथे परदेशी खेळाडू यावेत, दिवे लागावेत, दूरदर्शन संचावर सामने दिसावेत, याला आमचा विरोध नाही. उलट आमची पोरे त्यामुळेच तो खेळ बघू शकली. आमचा सवाल उरलेल्या साडेअकरा महिन्यांचा आहे. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या नावाखाली मैदानांचे काय झाले हे उपनगरात राहणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. मैदानाचे फाटक सकाळी सहाला कुणासाठी उघडते आणि संध्याकाळी कुणासाठी बंद होते, यावरून त्या मैदानाची जात कळते. सदस्यत्वाचे शुल्क, ओळखपत्र, पांढरे बूट, इंग्रजी बोलणारा पहारेकरी यांतले काहीही जातीचे नाव घेत नाही आणि तरीही रमाबाई नगरचे पोर बाहेरच राहते.

फिजीचे उदाहरण आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले होते. लोकसंख्या दहा लाखांहून कमी, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या उपनगराएवढी. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सात जणांच्या रग्बीचा पहिल्यांदा समावेश झाला आणि फिजीने अंतिम सामन्यात ब्रिटनला, म्हणजे आपल्या जुन्या राज्यकर्त्याला, ४३-७ असे हरवले. त्या देशाला ऑलिम्पिकमध्ये मिळालेले ते पहिले पदक आणि तेही सुवर्ण. तिथल्या पोरांकडे जिमखाने नव्हते, समुद्राची वाळू होती. घाटकोपरला समुद्र नाही, पण खाडी आहे आणि पोरे भरपूर आहेत.

त्या रात्री परत येताना मेट्रोत मुलीने विचारले, "काका, मुलींचा संघ का नव्हता?" त्या हंगामात नव्हताच. मग तिला सांगितले की २०१९ च्या जूनमध्ये भारताच्या मुलींनी पंधरा जणींच्या रग्बीत सिंगापूरला २१-१९ असे हरवून आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. त्या संघाची कर्णधार पुण्याची होती. ती काही बोलली नाही. साकीनाका येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "पण घरून सोडणार नाहीत. अर्धी चड्डी घालावी लागते." त्याचे उत्तर कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. ते तिच्या आईशी, आजीशी, विहारातल्या महिला मंडळाशी बसून काढावे लागेल आणि ते काम आमच्यापेक्षा आमच्या मंडळातल्या ताई चांगले करतील. त्यांनी सुरुवात केली आहे. तूर्त पूर्ण लांबीची पँट घालून खेळायचे असे ठरले आहे.

सध्या आमच्याकडे एक लंबगोल चेंडू आहे, तोही जुना. रविवारी सकाळी विहारामागच्या मोकळ्या जागेत अकरा मुले आणि तीन मुली पळतात. शिकवणारा एक महाविद्यालयीन मुलगा स्वतःच्या खर्चाने येतो. गेल्या रविवारी दादा आले होते. कोपऱ्यात खुर्ची टाकून तासभर बसले. जाताना एवढेच म्हणाले, "साडेनऊला संपवा. दहाला अभ्यासिका उघडते." आम्ही ते मान्य केले. आता वेळापत्रक तसेच आहे.

आणि आम्ही एक अर्ज दिला आहे, माहितीच्या अधिकारात. आमच्या भागातल्या एका सार्वजनिक मैदानाचे फाटक गेल्या तीन वर्षांत किती दिवस खासगी कार्यक्रमांना दिले, त्यातून किती उत्पन्न झाले, आणि वस्तीतल्या मुलांसाठी विनाशुल्क वेळ कोणता ठेवला आहे, असे तीन प्रश्न. कायद्याने उत्तराला तीस दिवस आहेत. अर्ज दोन प्रतींत दिला, एकीवर पोहोच घेतली. ज्यांना आपल्या वॉर्डात असाच अर्ज करायचा असेल त्यांना नमुना आमच्याकडे मिळेल. रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत आम्ही मैदानातच असतो.